पाटाच्या बंगल्यावर चौदा उमेदवार

आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक खोड होती. कोणतीही गोष्ट करायची म्हटली की ती ज्यानं आधी केली आहे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते जागचे हलत नसत. ऐकीव माहितीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आईला शिलाई मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा ते दुकानात गेलेच नाहीत. कोल्हारच्या बाजारात एका शिंप्याच्या ओट्यावर अख्खी दुपार बसून आले आणि टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "कंबर दुखती म्हनतो." त्यानंतर मशीन यायला दीड वर्ष लागलं. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी शेजारच्या दोन गावांतून ऑपरेशन झालेल्या तीन म्हाताऱ्या शोधून काढल्या, प्रत्येकीसमोर जाऊन उभे राहिले आणि "माझी टोपी सरळ हाय का वाकडी?" असं विचारलं. तिघींनी वाकडी सांगितल्यावरच आत्याला नगरला नेलं. त्यामुळे बारावीचा निकाल लागल्यावर मी जेव्हा मान खाली घालून म्हटलं की मला इंजिनिअर व्हायचंय, तेव्हा ते रागावले नाहीत की हरखले नाहीत. एवढंच म्हणाले, "झालीया का कोन बाई? तिला इचारू."

अशी बाई आमच्या पंचक्रोशीत एकच होती. पाटबंधारे खात्याच्या मॅडम. आमच्याकडे कालव्याला पाट म्हणतात, आणि त्या पाटाचं पाणी कुणाला कधी मिळायचं ते या मॅडमच्या हातात होतं. साडी नेसायच्या, पण पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर साहेबी टोपी. बायका त्यांना लांबून बघून हसायच्या, पुरुष जवळून बघून नमस्कार करायचे. मी नववीत असताना त्या आमच्या बांधावर तीन पायांची दुर्बीण लावून उभ्या होत्या. मी टक लावून बघत राहिले म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि डोळा लावायला सांगितलं. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. मला आभाळ खाली दिसलं, पाट वर दिसला आणि पाटावर डोकं खाली पाय वर करून आमचे शेजारी गेनूनाना विडी ओढताना दिसले. मी इतकी हसले की मॅडमही हसल्या. लोकांना देशसेवेसाठी, घरच्या परिस्थितीसाठी इंजिनिअर व्हावंसं वाटतं. मला गेनूनाना उलटे दिसले म्हणून वाटलं. भाषणात हे सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

घरात मात्र ज्यांनी काहीच केलेलं नव्हतं त्यांचे सल्ले सुरू झाले होते. आमचं घर म्हणजे पुढे पडवी, मागे न्हाणी आणि मध्ये आत्याचा आवाज. सकाळी आईच्या भाकरीची थाप, गोठ्यातल्या साखळीचा आवाज, ऑइल इंजिनची टुकटुक आणि या सगळ्यावरून आत्या. तिनं शाखांची चौकशी केली आणि एकेक निकालात काढली. "सिव्हिल नगं, उन्हानं काळी पडशील, मग कोन करील? मेकॅनिक नगं, पदर अडकतो. त्या विजेच्यात शाक बसतो. ते कंपूटर घे. तिथं म्हनं चपला भायेर काढून आत जात्यात. म्हंजे देवाचं काम आसंल." माझा चुलतभाऊ श्रीरामपूरला कंपूटर बघून आला होता. त्यानं चपला काढायच्या गोष्टीला दुजोरा दिला, वर तिथे पंखाही गार वारा देतो असं सांगितलं. आत्याचं मत पक्कं झालं.

लोखंडी पेटीत दोन फॉर्म होते, एक इंजिनिअरिंगचा आणि एक डी.एड.चा. दोन्ही भरलेले, दोन्हींवर माझा फोटो, दोन्हींवर पालकांच्या सहीची जागा रिकामी. इंजिनिअरिंगचा द्यायला चार दिवस उरले होते. तात्या म्हणाले, "मॅडम व्हय म्हनल्या तर ह्याच्याव सही. न्हाई म्हनल्या तर त्याच्याव. मग त्यात पुन्ना बोलनं न्हाई." मला रात्रीचं जेवण गेलं नाही, आणि त्या दिवशी तर आईनं हुलग्याची शेंगोळी केली होती. तिच्या शेंगोळीला लसूण आणि तिखट असं असायचं की खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी तो वाढ म्हणायचा.

आता यात चूक एवढीच झाली की ते दिवस आवर्तनाचे होते. पावसानं ओढ दिलेली, ऊस वाळायला लागलेला आणि पाटाला हंगामातलं शेवटचं पाणी सुटलेलं. आमच्या शेतांना पाणी यायचं ते पाटातून निघालेल्या पाच नंबरच्या चारीतून. नियम असा की चारीच्या शेपटाकडच्या शेतानं आधी भरायचं आणि मग वर वर यायचं. शेपटाला सखाराम होता, एकटा जीव, ना बायको ना बहीण. त्याच्यापर्यंत पाणी कधी पोचायचंच नाही, वरचे मधेच दारं फोडून घ्यायचे. त्याच्यावर गेनूनाना आणि त्यांच्यावर आम्ही. कागदावर पाळी सखारामाची चालू होती, मग नानांची, मग आमची. अशा दिवसांत कुणी नुसतं मोठ्यानं खोकललं तरी शेजारी उठून बांधावर जायचा.

अशा सकाळी तात्या इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मी मागे, हातात फॉर्मची पिशवी. आईनं शेंगोळीचा डबा दिला, म्हणाली, "लेकीच्या कामाला मोकळ्या हातानं जाऊ ने." बांधावर गेनूनाना होतेच.

"कुठं रं, तात्या? इस्त्री करून?"

"बंगल्यावं. मॅडमला भेटाया."

"कशापायी?"

"पोरीला इंजिनियर व्हायचंय. सल्ला इचारतो."

तात्या आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, पण त्या सकाळी खरं जितकं खोटं वाटलं तितकं कुणाचं खोटंही वाटलं नसेल. नानांनी इस्त्री बघितली, डबा बघितला, पिशवीतला कागद बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. "आस्सं," म्हणाले, "सल्ला. बरं बरं." आणि फावडं तिथंच टाकून घराकडे धावत सुटले. साठीचा माणूस तसा पळताना मी पुन्हा पाहिला नाही.

पाटावरचा खात्याचा बंगला दीडेक मैल होता. आम्ही पोचतो न पोचतो तोच मागून नाना आले, सोबत त्यांची नात सुशी. चौथीत होती. तेल लावून वेण्या घातलेल्या, एकीलाच रिबीन, दुसरी बांधायला वेळ मिळाला नव्हता. "हिला बी इंजिनियर व्हायचंय," नाना धापा टाकत म्हणाले. सुशीला ते तिथंच कळलं. मग चारीवरचे बाकीचे यायला लागले. तात्या डबा घेऊन मॅडमकडे गेला ही बातमी बैलगाडीच्या नव्हे, मोटरसायकलच्या वेगानं फिरली होती. प्रत्येकानं घरातलं जे बायकामाणूस हाताला लागलं ते आणलं. कुणी सातवीतली मुलगी, कुणी नापास झालेली पुतणी, कुणी माहेरपणाला आलेली लेक, तिच्या मांडीवर दोन महिन्यांची तान्ही. तीही मुलगीच आहे हे तिच्या आजोबांनी मुद्दाम कपडा बाजूला करून रामभाऊ पाटकऱ्याला दाखवलं. रामभाऊ म्हणजे पाटाची दारं उघडणारा खात्याचा माणूस. त्यानं कपाळावर हात मारला. दत्तूच्या घरात तर मुलगीच नव्हती. त्यानं सत्तरीची आई आणली. भागूआजी. हातात काठी, नाकात नथ, आणि मुलानं सांगितलेलं तोंडपाठ: "मला इंजिनियर व्हायचंय."

अशा आम्ही चौदा उमेदवार बंगल्याच्या ओसरीवर बसलो. मागे पुरुष उभे, एकमेकांवर नजर ठेवून. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी एवढी गर्दी बघितली आणि त्यांची नजर थेट डब्यावर गेली.

"हा डबा आधी उचला. नाहीतर पंचनामा करीन. पाणी पाळीनंच मिळेल, ज्याचं त्याला."

"पान्यासाठी न्हाई आलो, मॅडम," तात्या म्हणाले. "पोरीच्या शिक्षनाचं—"

"आमी बी शिक्षनासाठीच," नाना पुढे सरसावले. मागून सगळे म्हणाले, "आमी बी."

मॅडमनी सुशीला विचारलं, "कुठल्या शाखेला जायचंय तुला, बाळ?" सुशी नानांकडे बघायला लागली. नाना म्हणाले, "चारी नंबर पाच." सगळे पुरुष एकदम ओरडले की बघा, बघा, पाण्याचं काढलंच यानं! मग जो तो आपल्या उमेदवाराची लायकी सांगू लागला. पुतणी नापास झाली ती फक्त इंग्रजीत. तान्ही रडत नाही, समजूतदार आहे. मॅडम टेबलाशी बसून चष्मा पुसत होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि त्यात मी कुठेच नव्हते. त्यांच्या लेखी मीसुद्धा पाण्यासाठी रचलेलं एक सोंग होते. मला रडू फुटायला लागलं. नववीत दुर्बिणीतून बघितलेली ती मुलगी मीच, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण त्या गलक्यात कोण ऐकणार?

तेवढ्यात भागूआजीनं काठी आपटली.

"ते ऱ्हाऊ द्या समदं. मला एक सांग, माय. दिसभर त्या पाटावं हिंडतीस. ना आडोसा, ना झाड. संगं समदे गडी. मग तू जातीस कुठं?"

"आये, कुठं म्हंजे? पाटावंच जात्यात की," दत्तू म्हणाला.

"तू गप," आजी म्हणाली.

मॅडम चष्मा पुसायच्या थांबल्या. मला आज वाटतं, इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलीनं विचारावा असा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो आमच्यापैकी एकीलाही सुचला नव्हता. हल्ली कॉलेजं मला मुलींना मार्गदर्शन करायला बोलावतात. गुच्छ देतात, आत्मविश्वास, जिद्द, वेळेचं नियोजन यांवर बोला म्हणतात. मी बोलते. शेवटी काही शंका असतील तर विचारा म्हटलं की समोरच्या दोनशे मुली गप्प बसतात, आणि मला दर वेळी त्या नथवाल्या म्हातारीची आठवण येते.

मॅडम उठल्या. "पुरुष मंडळींनी बाहेर थांबा," म्हणाल्या आणि आम्हा चौदा जणींना आतल्या खोलीत घेऊन दार लावलं. बाहेर हलकल्लोळ झाला. बंद दाराआड पाणी वाटलं जातंय याबद्दल आता कुणालाच शंका उरली नव्हती. खिडकीच्या फटीला आळीपाळीनं डोळे दिसत होते.

आत मॅडम खाली, आमच्यात, फरशीवर बसल्या. "सकाळी सातनंतर मी पाणी पीत नाही, आजी," म्हणाल्या. "घरी पोचेपर्यंत. दोनदा मुतखडा झालाय." एवढ्या गावांना पाणी वाटणारी बाई दिवसभर तहानलेली असायची. मग त्या बोलत राहिल्या, जणू इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या पगारात बूट घ्यायचे, साडीवर शोभत नाहीत असं सगळे म्हणतील, तरी घ्यायचे. लोक आधी ड्रायव्हरला नमस्कार करतील, करू द्यायचा. टेपचं टोक स्वतः धरायचं, दुसऱ्यानं सांगितलेला आकडा आपल्या वहीत लिहायचा नाही. माहेरवाशीण तान्हीला पाजत ऐकत होती. सुशीनं रिबीन बांधलेली वेणीही सोडून टाकली होती. शेवटी मॅडमनी विचारलं, "खरंच कुणाला जायचंय?" सुशीनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी पिशवीतले दोन्ही फॉर्म काढून पुढे ठेवले आणि तात्यांची अट सांगितली.

त्यांनी माझे मार्क बघितले. मग डी.एड.चा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "माझं ऐकशील तर हे कर. शाळेत आडोसा तरी असतो." त्या रागानं बोलल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. पण मला ते अजून लागतं. भागूआजीनं एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग काठीवर भार देऊन उठली आणि तिनं धाडकन दार उघडलं.

तात्या दारातच होते. टोपी हातात, कपाळावर घाम. "काय म्हनल्या मॅडम?"

"व्हय म्हनल्या," आजी म्हणाली.

"व्हय म्हनल्या," माहेरवाशीण तान्हीला खांद्यावर टाकत म्हणाली. "व्हय म्हनल्या," नापास पुतणी म्हणाली. मग एकेक करत सगळ्या, आणि सर्वांत मोठ्यानं सुशी. कुणी कुणाकडे बघितलं नव्हतं, कुणी काही ठरवलं नव्हतं. मी आणि ती तान्ही सोडून बारा जणी दिवसाढवळ्या खोटं बोलल्या.

पण तात्या ते तात्या. बारा जणींचं का असेना, ते ऐकीवच. ते हात जोडून मॅडमसमोर गेले. "मॅडम, तुमच्या तोंडून ऐकू द्या."

पाटाच्या दारातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज मला तेव्हा ऐकू आला. तो सकाळपासून येत असणार. मॅडम उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आमच्या ओळीवरून नजर फिरवली, भागूआजीपासून तान्हीपर्यंत, आणि म्हणाल्या, "हो. सही करा. पहिली शाखा सिव्हिल लिहा."

सही ओसरीवरच झाली. पण ती सुखासुखी होते कसली! हा कागद पाण्याचा नाही याची खात्री करायला नानांनी तो अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचायला लावला. माझी जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण, हनुवटीवर डावीकडे तीळ, हे सगळं चारी नंबर पाचच्या खातेदारांसमोर जाहीर झालं. एवढ्यावर नानांचं समाधान होईना. मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून त्यांनी तात्यांच्या सहीखाली साक्षीदार म्हणून आपली सही ठोकली. त्यांनी केली म्हणून दत्तूनं केली. भागूआजीनं अंगठा उठवला. कॉलेजातल्या कारकुनानं तो फॉर्म उलटसुलट करून मला विचारलं होतं, "बाई, ॲडमिशन घेताय का जमीन?"

आणि हे सगळे मर्द गडी एकमेकांवर पाळत ठेवत बंगल्यावर उभे असताना चारीवर मात्र कुणीच नव्हतं. कुणाचंच दार वर फोडलेलं नाही, कुणी माती लावून पाणी वळवलेलं नाही. पाणी आपलं नियमानं वाहत शेपटाला गेलं, आणि घरात बाईमाणूस नाही म्हणून घरीच राहिलेल्या सखारामाचं रान पहिल्यांदा पोटभर भिजलं. परत येताना तो बांधावर बसलेला दिसला. पाय पाण्यात सोडून, भांबावलेला.

डबा तसाच घरी आला. आईनं झाकण उघडून बघितलं आणि बंद केलं. तिला ते फार लागलं. पुढे कितीतरी वर्षं मॅडमचा विषय निघाला की ती म्हणायची, "चव तरी बघायची हुती."

पहिल्या स्वतंत्र कामावर, एका लहानशा तलावाच्या बांधावर, मी सिमेंटच्या गोदामाआधी पत्र्याची एक छोटी खोली उभी करायला लावली. ठेकेदार म्हणाला, "आधी हे, मॅडम?" मी म्हटलं, आधी हे, आणि कडी आतून. काम निम्मं झालं तेव्हा मॅडमना बोलावलं. त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या, बूट मात्र तेच. त्यांनी बांध चालून बघितला, दोन ठिकाणी टेप लावायला सांगितली आणि टोक स्वतः धरलं. मग मी त्यांना पत्र्याच्या खोलीपाशी नेलं. त्या आत गेल्या. कडी खट्कन लागली, निघाली, पुन्हा लागली. कडीच तपासत होत्या. बाहेर आल्यावर मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "मॅडम, त्या दिवशी हो का म्हणालात?"

"लेव्हल घेताना बारा जणी एक आकडा सांगताहेत," त्या म्हणाल्या, "आणि तुझं एकटीचं यंत्र दुसराच दाखवतंय. काय करशील?"

"आधी आपलं यंत्र तपासीन."

"मग? तेच केलं." आणि माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "डबा आणलायस ना? काढ. आता मी पंचनामा करत नाही."

आईनं शेंगोळी दिली होतीच. आम्ही बांधाच्या दगडावर बसून खाल्ली. तिखट तेवढंच होतं, मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी तांब्या मागितला. भर दुपारी, कामावर, बारा गड्यांसमोर त्या घटाघटा तांब्याभर पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "अजून दे."